टीबीच्या गोळ्या चालू असताना लाल रंग फिका दिसू लागला तर

वाचकाचं पत्र

डॉक्टर, आम्ही येवल्याचे. घरात हातमाग आहे, आमचे हे पैठणी विणतात. वय ४४. खोकला जाईना म्हणून थुंकी तपासली, टीबी निघाला. त्याच वेळी शुगर पण सापडली. सरकारी गोळ्या चालू आहेत, चौथा महिना संपत आलाय. खोकला थांबला, जेवण जातं. वजन ४६ होतं, दोन महिन्यांनी ५१ भरलं, म्हणून तीनाच्या चार गोळ्या केल्या.

पण तीन आठवड्यांपासून यांना विणताना रंग नीट कळेनात. मुनियाच्या चोचीला लाल लावायचा तिथे तपकिरी धागा लावला. मी दाखवलं तर म्हणाले, दोन्ही सारखेच तर दिसतात. उजेड कमी आहे म्हणून दिवा बदलला. मग चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासले, त्यांनी चाळिशीचा चष्मा दिला, पण फरक नाही. आता समोरच्या माणसाचा चेहराही मधोमध पुसट दिसतो म्हणतात. डोळा दुखत नाही, लालही नाही. लघवी मात्र लाल होते आणि रुमालाला डोळ्याचं पाणी पिवळट लागतं.

सासूबाई म्हणतात, औषधांची उष्णता आहे, गाजर खा. शेजारचे म्हणतात, गोळ्या बंद करा. आशाताई म्हणतात, एक दिवसही चुकवू नका. बंद केल्या तर टीबी उलटेल, चालू ठेवल्या तर डोळे जातील. मी काय करू? आमच्या सात वर्षांच्या मुलीलाही टीबी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू केल्यात. तिच्या डोळ्यांना काही होईल का?

उत्तर

ताई, आधी उद्या सकाळी काय करायचं ते सांगते. बाकीचं नंतर सावकाश वाचा.

उद्याचा डोस घेण्याआधी तुम्हाला गोळ्या जिथून मिळतात तिथे फोन लावा आणि हेच वाक्य सांगा: "टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तीन आठवड्यांपासून नजर कमी झाली आहे, लाल रंग ओळखता येत नाही." "डोळ्यांचा त्रास आहे" असं मोघम सांगू नका, त्यावर कुणीतरी थेंब लिहून देईल. फोन लागला नाही तर उद्याच्या गोळ्या घेऊ नका, पाकीट पिशवीत टाका आणि यांना घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातला टीबी विभाग गाठा. सुट्टी आडवी आली तर निक्षयचा, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा, मोफत नंबर आहे, १८००-११-६६६६. एखाद-दुसऱ्या दिवसाचा डोस डॉक्टरांना भेटेपर्यंत पुढे गेला म्हणून टीबी उलटत नाही. टीबी उलटतो तो माणूस परस्पर गोळ्या सोडून घरी बसतो तेव्हा. शेजाऱ्यांचा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. आणि आशाताईंचं म्हणणं एरवी शंभर टक्के बरोबर असलं, तरी या एका तक्रारीला ते लागू होत नाही.

टीबी की डोळे, असा पेच तुम्हाला पडलाय. तो पेच खरा नाही. तुमच्या पाकिटातल्या एका गोळीत एक औषध नसतं, अनेक असतात. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत चार: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढच्या चार महिन्यांच्या गोळीत पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. तुम्ही लिहिलेली लक्षणं ज्याच्याकडे बोट दाखवतात ते यातलं एकच, इथॅम्ब्युटॉल. आणि चौघांत टीबी मारण्याची खरी ताकद आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिनमध्ये आहे. इथॅम्ब्युटॉल त्यांच्या सोबतीला राखणदार म्हणून असतं: जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसला तर रिफाम्पिसिन एकटं पडू नये, यासाठी. आपल्या देशात २०१४ ते २०१६ दरम्यान झालेल्या औषधरोधाच्या पाहणीत नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांचे जंतू आयसोनियाझिडला दाद न देणारे निघाले होते. दुसऱ्या टप्प्यातही इथॅम्ब्युटॉल चालू ठेवतात ते त्यामुळेच. म्हणजे ते उगाच दिलेलं नाही. पण चौघांतलं एक काढायची वेळ आली, तर काढता येण्यासारखं तेच आहे.

अडचण अशी की गोळी एकत्र आहे. तिच्यातून इथॅम्ब्युटॉल वेगळं काढता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. त्यासाठीच केंद्रात जायचं. तिथून इथॅम्ब्युटॉल नसलेल्या गोळ्या देता येतात, म्हणजे उपचार चालू राहतो आणि डोळ्यांना त्रास देणारं औषध थांबतं. तुमच्या यजमानांच्या थुंकीची औषधरोधाची तपासणी झाली असेल, तिचा कागद शोधून ठेवा. रिफाम्पिसिनचा निकाल सहसा पहिल्याच मशीनच्या तपासणीत येतो, आयसोनियाझिडचा वेगळ्या तपासणीतून येतो. दोन्ही औषधं जंतूवर चालतात असं कागदावर असेल, तर उरलेले महिने त्या दोघांवर काढायचा निर्णय डॉक्टर निर्धास्तपणे घेऊ शकतात. कागद नसेल किंवा आयसोनियाझिड चालत नसेल, तर दुसरं एखादं औषध जोडतात. हा हिशेब टीबीच्या डॉक्टरांनी करायचा. तुम्ही नाही, मी नाही, आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाने तर मुळीच नाही.

आता चष्म्याबद्दल. दुकानदाराला दोष देत नाही. ४४ वर्षांचा माणूस "जवळचं दिसत नाही" म्हणत आला की कुणीही चाळिशीच म्हणेल. पण चाळिशीची लक्षणं वेगळी असतात. कागद हात लांब करून धरला की अक्षर स्पष्ट होतं, लांबचं छान दिसतं, आणि रंग जसेच्या तसे राहतात. चाळिशी कुणाचा लाल रंग तपकिरी करत नाही आणि समोरच्या माणसाचं नाकडोळं पुसत नाही. यजमानांची तक्रार डोळ्यातल्या भिंगाची नाही, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची दिसते. कॅमेऱ्याची वायर खराब झाली असताना काच पुसून चित्र सुधारत नाही, तसं आहे हे. ही नस बारीक बारीक लाखो तंतूंची असते. त्यांतले जे तंतू दृष्टीच्या मध्यभागाचं काम करतात, म्हणजे वाचन, चेहरा, बारीक विणकाम आणि रंग, त्यांना हे औषध आधी गाठतं. इथॅम्ब्युटॉल शरीरातल्या तांब्यासारख्या धातूंना बांधून ठेवतं आणि त्या तंतूंच्या पेशींना ऊर्जा तयार करणं जड जातं, असा त्याचा खुलासा देतात. म्हणून कडेने दिसत राहतं, माणूस घरात न धडपडता फिरतो, आणि घरच्यांना वाटतं फार काही बिघडलेलं नाही.

दुखत नाही, लाल होत नाही, दोन्ही डोळ्यांना बहुधा सारखंच होतं. या तीन गोष्टींमुळेच लोक उशिरा येतात. एका डोळ्याला झालं असतं तर दुसऱ्याशी तुलना करून लगेच कळलं असतं.

हा दोष नवा नाही. हे औषध १९६१ मध्ये अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत सापडलं आणि पुढच्याच वर्षी त्यामुळे डोळ्यांच्या नसेला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तेव्हा डोस आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त असत. वजनाच्या दर किलोला ३५ मिलिग्रॅमच्या वर डोस गेला तर शंभरातल्या सुमारे १८ जणांना, २५ मिलिग्रॅमला पाच-सहा जणांना, आणि १५ मिलिग्रॅमला एखाद्यालाच हा त्रास होतो, असे आकडे पुस्तकांत दिलेले असतात. म्हणजे आजच्या डोसवर बहुतेकांना काहीही होत नाही. हे वाचून टीबीच्या दुसऱ्या कुणा रुग्णाने घाबरून गोळ्या टाकून दिल्या, तर माझ्या या उत्तराने नुकसानच केलं असं होईल.

पण तुमच्या घरच्या आकड्यांकडे बघू. एका गोळीत इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असतं. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार. यजमान ४६ किलोचे होते तेव्हा ८२५ मिलिग्रॅम घेत होते, म्हणजे किलोला साधारण १८. ५१ झाले आणि चार गोळ्या सुरू झाल्या: ११०० मिलिग्रॅम, किलोला साडेएकवीस. कुणी चूक केलेली नाही, तक्ता तसाच आहे. पण गटाच्या खालच्या टोकाला असलेल्या माणसाच्या वाट्याला किलोमागे जास्त औषध येतं आणि वरच्या टोकाच्या माणसाला कमी, हे त्या तक्त्यातच आहे. ६३ किलोचा माणूस त्याच चार गोळ्यांवर साडेसतराला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, मूत्रपिंड. इथॅम्ब्युटॉल शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. मूत्रपिंड मंद असेल तर तोच डोस रक्तात साचत जातो आणि १५ मिलिग्रॅम घेणाऱ्याचीही गत २५ वाल्यासारखी होऊ शकते. म्हणून किडनीच्या रुग्णांना हे औषध रोज न देता आठवड्यातून तीनदा देतात. यजमानांची शुगर टीबीच्या वेळी 'सापडली', म्हणजे ती किती वर्षं अंगात होती कुणाला ठाऊक, आणि जुनी शुगर मूत्रपिंडाला सोडत नाही. उद्या रक्त द्याल तेव्हा क्रिएटिनिन तपासायला सांगा, मूत्रपिंड किती काम करतं ते त्यावरून कळतं. आधी तपासलं असेल तर तो कागद न्या.

कागद म्हणजे सगळेच न्या: निक्षय नंबर, आत्ता चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट, वजनाच्या नोंदी, शुगरचे रिपोर्ट, शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि दुकानात मिळालेला चष्म्याचा नंबर. आणि हो, चुकलेला तो पदर किंवा निदान ते दोन धागे न्या. हे थट्टेत म्हणत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात रंग तपासायला ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक असतं. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये केलेलं. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. काही पुरुषांना जन्मापासूनच तो ओळखता येत नाही, त्यामुळे आधीची नोंद नसेल तर डॉक्टरही बुचकळ्यात पडतो की हा दोष आजचा की जन्माचा. यजमानांच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. ज्या माणसाने आजवर हिरव्या मुनियाला लाल चोच बरोबर विणली, त्याची नजर आधी कशी होती याचा पुरावा त्याच्या जुन्या साड्यांत आहे. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

खरं तर ही रंगांची आणि नजरेची तपासणी गोळ्या सुरू करतानाच व्हायला हवी. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आणि ते पुस्तक, पाच मिनिटांचं काम. मोठ्या रुग्णालयांत ते होतंही, पण गावोगावच्या केंद्रांत टीबीचा माणूस डोळ्यांच्या विभागाकडे पाठवला जातोच असं नाही. विणकर, रंगारी, शिंपी, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन यांच्या बाबतीत तरी हे टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

केंद्रातून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा, आणि ती त्याच आठवड्याची. "पुढच्या महिन्यात शिबिर आहे, तेव्हा या" हे मान्य करू नका. तिथे काय काय होईल ते सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. एकेका डोळ्याने अक्षरं वाचायला लावतील. रंग तपासतील. बॅटरी मारून बाहुली किती चटकन आकसते ते बघतील. थेंब टाकून आतला पडदा बघतील, त्या दिवशी चार-पाच तास पुसट दिसेल, म्हणून यांना एकट्याला मोटारसायकलवर पाठवू नका. मग शक्य असेल तिथे दृष्टीचं क्षेत्र मोजणारी मशीन आणि नसेची जाडी मोजणारं स्कॅन.

इथे एक फसगत होते. सुरुवातीच्या काळात नस डोळ्याच्या मागच्या भागात दुखावलेली असते, त्यामुळे पडदा बघितला तर तो अगदी ठीकठाक दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांत या आजाराबद्दल एक जुना विनोद आहे, की यात रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही. तेव्हा "पडदा छान आहे, घरी जा" असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे विचारा की रंग आणि दृष्टीचं क्षेत्र तपासलं का. नस फिकी पडलेली दिसू लागते ती पुढे काही आठवड्यांनी-महिन्यांनी, आणि तोवर थांबणं म्हणजे वेळ घालवणं.

शुगरमुळेही नजर कमी होते, हे डॉक्टर तपासतीलच आणि तपासायला हवंच. शुगरचा पडद्यावरचा परिणाम थेंब टाकून बघितलं की दिसतो. शिवाय शुगर फार वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-आकसतं आणि चष्म्याचा नंबर आठवड्याआठवड्याला बदलतो. म्हणून शुगर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये, पैसे वाया जातात. पण शुगरने लाल धागा तपकिरी होणं आणि मधोमध धब्बा येणं, दोन्ही डोळ्यांना एकदम, तेही इथॅम्ब्युटॉल चालू असताना, हा योगायोग मी धरून चालणार नाही. पक्कं निदान समोर बसलेला डॉक्टरच करेल. मात्र निदान पक्कं होईपर्यंत ते औषध चालू ठेवायचं नाही. आधी थांबवायचं, मग तपासत बसायचं. या आजारात क्रम असा उलटा आहे.

यजमान तंबाखू मळतात का, दारू घेतात का, तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील तर आजपासून दोन्ही बंद. डोळ्याच्या याच नसेवर तंबाखू आणि दारू यांचा स्वतंत्र मारा असतो. शाकाहारी असाल तर बी-१२ पण तपासून घ्या, ते कमी असलं तरी ही नस कमजोर होते. पायांना मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का, हेही विचारा. तो आयसोनियाझिडचा गुण आहे, त्यावर बी-६ ची गोळी असते आणि शुगर असलेल्यांना ती आवर्जून द्यायची असते. यादीत नसेल तर मागून घ्या. आयसोनियाझिडने डोळ्याच्या नसेला इजा होणं अगदीच विरळ आहे. इथॅम्ब्युटॉल थांबवूनही नजर घसरतच राहिली, तर डॉक्टर त्याचा विचार करतात.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात असणारच: परत दिसेल का?

पुष्कळदा सुधारतं. पण लगेच नाही. औषध थांबवल्यावरही काही आठवडे नजर आणखी थोडी खाली जाऊ शकते, तेव्हा "बंद करून उपयोग झाला नाही" असं समजून धीर सोडू नका. त्यानंतर सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते. काहींना पूर्वीसारखं दिसतं, काहींना बरंचसं, आणि काहींना जे गेलं ते परत येत नाही. वय साठीच्या आत असणं, आणि लवकर लक्षात येणं, या दोन गोष्टी बाजूने जातात. यजमानांचं वय बाजूने आहे. तीन आठवडे गेलेत, चौथा जाऊ द्यायचा नाही. यावर खात्रीने चालणारं कुठलंही औषध, इंजेक्शन किंवा थेंब नाही. कुणी जीवनसत्त्वांच्या किंवा झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या तर घ्यायला हरकत नाही, पण हजारो रुपयांच्या 'नसेच्या ताकदीच्या' कोर्सला पैसे घालू नका. सासूबाईंचं गाजर शुगर सांभाळून खुशाल खाऊ द्या, त्याने या नसेवर परिणाम होणार नाही इतकंच. आणि हे औषध यांना पुन्हा कधीही द्यायचं नाही, हे निक्षयच्या कार्डावर आणि घरच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद करायचा एक फॉर्म असतो, तोही भरायला सांगा. त्याचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४.

लाल लघवी आणि पिवळट अश्रू यांची काळजी सोडा. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. लघवी, घाम, थुंकी, डोळ्यांचं पाणी, सगळ्यांत उतरतो आणि गोळ्या संपल्या की जातो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या लेन्सा तेवढ्या कायमच्या रंगतात. पण अश्रू पिवळे असणं आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळं दिसू लागलं, सोबत मळमळ, उलट्या, भूक मेली, तर ती कावीळ. यकृताला त्रास होतोय, आणि टीबीच्या चारपैकी तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. तिथेही गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

ज्यांचा टीबी साध्या गोळ्यांना दाद देत नाही आणि ज्यांना लिनेझोलिड चालू आहे, अशांसाठी दोन ओळी. २०२४ मध्ये आपल्याकडे मंजूर झालेल्या सहा महिन्यांच्या चार औषधांच्या नव्या उपचारातही ते आहे. लिनेझोलिडही महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर डोळ्याची नस आणि पायांच्या नसा दोन्ही दुखावू शकतं. लक्षणं जवळपास अशीच. वेळेत थांबवलं किंवा डोस कमी केला तर डोळे बहुधा सावरतात, पायांच्या मुंग्या मात्र रेंगाळतात. या रुग्णांनी दर महिन्याला नजर आणि रंग तपासून घ्यावेत, तक्रार असो वा नसो.

आणि इथॅम्ब्युटॉल चालू असलेल्या बाकी सगळ्यांनी घरच्या घरी एक करावं. भिंतीवर कालनिर्णय असतंच. दर रविवारी सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात उभं राहून एक डोळा तळहाताने झाकायचा आणि दुसऱ्याने तारखेखालची बारीक अक्षरं वाचायची. मग डोळा बदलायचा. सुट्टीच्या तारखांचा लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच लालभडक दिसतो का, मागच्या रविवारसारखाच दिसतो का, ते बघायचं. चष्मा असेल तर लावून. हा त्रास बहुतेक वेळा गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांनंतर येतो, क्वचित त्याआधीही. म्हणून पहिल्या महिन्यात सगळं ठीक होतं म्हणून पुढे बघणं सोडू नये. फरक वाटला तर वाट न बघता केंद्रात जायचं.

मागाबद्दल थोडं. यांना पुढचे काही महिने रंगाचं काम एकट्याने करू देऊ नका. साड्या चुकतील, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक चुकीने माणूस खचेल. कांड्यांवर रंगाचं नाव लिहून चिकटवा, मोठ्या अक्षरात, काळ्या शाईने. अंगचा सपाट भाग यांनी विणावा, काठ-पदराचे रंग तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी लावून द्यावेत. व्यापाऱ्याला टीबीचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण "डोळ्यांचा उपचार चालू आहे, मुदत वाढवून द्या" एवढं सांगायला लाजू नका. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाली आहे. खात्यात जमा होत नसेल तर उद्या तेही विचारून घ्या, फेरी होतेच आहे.

राहिली तुमची मुलगी. टीबी होऊ नये म्हणून मुलांना देतात त्या गोळ्यांत आयसोनियाझिड असतं, काही ठिकाणी त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा रिफापेंटिन. इथॅम्ब्युटॉल त्यांत नसतं. वडिलांच्या डोळ्यांना झालं ते तिला त्या गोळ्यांनी होणार नाही. रिफापेंटिन असेल तर तिचीही लघवी लालसर होईल, घाबरू नका. शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तिला आधीच सांगून ठेवा. तिच्या गोळ्या मधेच बंद करू नका.